पाथर्डीच्या गाडीतला डबा

मित्रांनो, मी एक जुना पितळी डबा आहे. सध्या माझ्यात वाकडे खिळे, एक मोडकी कडी आणि कुणाच्या तरी चपलेचा अंगठा आहे. हे माझं काम नव्हे. माझं काम काय होतं आणि ते कसं गेलं, तेच आज सांगणार आहे. थोडं रागानं सांगेन, पण खरं सांगेन.

आसाराम तांबटानं मला ठोकून घडवलं. छबूबाईच्या लग्नात तिच्या माहेरच्यांनी मला तिच्यासोबत धाडलं. ती मला चिंचेनं घासायची आणि कल्हईवाला गावात आला की सगळ्यात आधी माझा नंबर लावायची. बायका म्हणायच्या, "छबू, डबा लई देखणा हाय." ते ऐकून मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच होती. छबूबाईची मुलगी विजयमाला सातवी पास झाली, तेव्हा तिचा बाप कारभारी म्हणाला, "झालं तेवढं लई झालं." पण छबूबाई हटून बसली आणि पोरीचं नाव पाथर्डीच्या हायस्कुलात आठवीत घातलं. राहायला लंकाबाई आत्याचं घर होतं. लंकाबाईनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "निजायला जागा देते. खान्याचं तुमचं तुमी बघा." दुष्काळाचं साल होतं, तिला तरी काय बोल लावायचा?

म्हणून मी एस.टी.नं जाऊ लागलो. तेव्हा शिकणाऱ्या पोरांचे डबे असेच जात. सकाळच्या गाडीला छबूबाई मला बन्सी कंडक्टरच्या हाती द्यायची आणि तो मला शाळेच्या वेळेआधी पाथर्डीच्या स्टँडावर उतरवायचा. तिथं डब्यांची ही रांग लागायची. ज्याची त्यानं खूण बघून उचलायचा. माझ्या कडीला निळी चिंधी होती. संध्याकाळच्या गाडीनं मी माघारी यायचो.

मायलेकींचं एक ठरलं होतं. जाताना छबूबाई पोरीला म्हणाली होती, "पोट भरलं की चतकोर भाकर डब्यात ठिवून धाडायची. डबा मोकळा आला की मी समजंन, पोरीला कमी पडलं. मंग दुसऱ्या दिशी वाढवून धाडीन." आणि वर दटावलंही होतं, "तिथं कायबी झालं तरी रडत यायचं न्हाई. रडत आलीस तर तुझा बाप साळा बंद करंल."

दिवाळीपर्यंत सगळं सुरळीत चाललं. रोज चतकोर घरी यायचा आणि छबूबाई तो हातात घेऊन समाधानानं खायची. मग घरातली ज्वारी संपली आणि सरकारी दुकानातला मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, घरात आला. त्याची भाकरी लालभडक व्हायची. छबूबाई आणि कारभारी रोजगार हमीसारख्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जात आणि घरी येऊन तीच भाकरी खात.

शाळेत मधल्या सुट्टीत लिंबाखाली मुली जेवायला बसल्या. विजयमालानं माझं झाकण काढलं, तशी एक मुलगी वाकून म्हणाली, "विजे, तुझ्या आईनं वीट दळली का गं?" सगळ्या हसल्या. विजयमालाही हसली. पण त्या दिवशी तिनं घास तोंडात नेला नाही. दुसऱ्या दिवशी तिनं मला स्टँडावरून उचललं ते थेट मागच्या भिंतीआड नेलं, भाकरी कुत्र्यांपुढे टाकली आणि लाल कण दिसू नयेत म्हणून नळावर मला खळखळून धुतलं. चतकोरसुद्धा ठेवला नाही. मुलींना सांगितलं, "मी जेवून आले."

मी मोकळा घरी गेलो. छबूबाईनं झाकण उघडलं आणि तिचा चेहरा पडला. "पोर उपाशी राहिली गं बाई." दुसऱ्या दिवशी तिनं एक भाकरी जास्त घातली. तीही कुत्र्यांनी खाल्ली. मग तिनं आणखी एक घातली, आणि ती तिच्या स्वतःच्या वाटणीची होती. मला तोंड आहे, पण जीभ नाही. रोज सकाळी मी आईचं पोट घेऊन निघायचो आणि रोज ते कुत्र्यांपुढे पडायचं. जिला मी पोसत होतो तिनंच मला असं वापरावं, याचा मला भयंकर राग यायचा.

पोर वाळत चालली होती. संध्याकाळी आत्यानं दिलेल्या वाटीभर कण्यांवर ती राहत होती. शेजारणीनं विचारलं तर लंकाबाई म्हणाली, "ह्या वयात पोरी अशाच वाळत्यात." शाळेत तिची हजेरी लागत होती, पेपरही बरे जात होते, म्हणून तिथंही कुणी काही विचारलं नाही.

एके दिवशी खडी फोडता फोडता छबूबाईला भोवळ आली आणि ती दगडांवर कोसळली. दुसऱ्या सकाळी पोरीला निरोप द्यायला कारभारी स्वतः माझ्यासोबत गाडीत बसला. स्टँडावर तो पाणी प्यायला गेला, तेवढ्यात विजयमाला मला उचलून भिंतीआड गेली. तिला शोधत तो मागून आला, तेव्हा कुत्री भाकरीवर तुटून पडली होती. तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "चल घरी."

घरी त्यानं मला छबूबाईच्या अंथरुणाजवळ आदळलं. "तुझी भाकर कुत्री खात्यात. तू हितं उपाशी मर. उद्यापास्नं ही बी खडी फोडंल. साळा बास."

छबूबाईनं पोरीकडे पाहिलं. पोरीची मान खाली होती. आईला सगळं कळलं, हे मी तिच्या डोळ्यांत बघितलं. मग ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "पोरीचा काय दोष? डब्याचं झाकन सैल हाय. गाडीत उपडा व्हतो. धुळीत पडल्याली भाकर पोरीनं खायची व्हय?"

"रोज सांडती?" कारभारीनं विचारलं.

"रोज त्योच डबा जातोय न्हवं?"

मित्रांनो, उलटा धरून हलवलं तरी माझ्यातून ताकाचा थेंब गळत नाही. कारभारी पोरीला म्हणाला, "खरं हाय का गं?" विजयमालानं माझ्याकडे पाहिलं. ज्या हातांनी ती रोज माझं घट्ट झाकण ओढून काढायची, ते हात तिनं पाठीमागे घेतले. बापाला म्हणाली, "व्हय, दादा."

तो बाहेर गेल्यावर छबूबाईनं विचारलं, "मला का न्हाई सांगितलंस?"

"तूच म्हनली हुतीस, रडत यायचं न्हाई."

छबूबाईनं पोरीला जवळ ओढलं आणि दोघी रडल्या. माझ्याकडे कुणी बघितलं नाही.

सोमवारी विजयमाला शाळेत गेली, शेजारचा जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, डबा घेऊन. पुढं दर बाजाराच्या दिवशी छबूबाई स्वतः जाऊन लिंबाखाली त्या मुलींमध्ये बसायची आणि लाल भाकरी मोडून पोरीबरोबर खायची, असं मी ऐकलं. पोर मॅट्रिक झाली. मी मात्र कोनाड्यात गेलो. कुणी म्हणालं, "डबा चांगला हाय की," तर छबूबाई कारभारीच्या देखत म्हणायची, "झाकन सैल हाय." परवा विजयमालाच्या मुलानं मला उचललं, तर तीही सहज म्हणाली, "तो ठेव. त्याचं झाकण सैल आहे." तिला आता ते खरंच वाटतं.

मित्रांनो, तुमच्या घरातली आठवी-नववीतली पोर मुकाट झाली तर तिच्या डब्यात डोकावून समाधान मानू नका. तिच्याजवळ बसा, विचारा आणि रडली तर रडू द्या. आणि तिची शाळा वाचवायला कुणावर आळ घ्यावाच लागला, तर घ्या. माझी ना नाही. फक्त मागाहून, कुणी नसताना, त्या बिचाऱ्याला एकदा चिंचेनं घासून ठेवा. मी भांडं आहे, मला तेवढ्यानं भागलं असतं.