मलिकाची शिकार

कोणाचाच विश्वास बसणार नाही, पण हिवरखेडच्या नत्थुजींनी मांजर घेतली ती बैल पाहून घेतात तशी घेतली. अकोल्याच्या जुन्या शहरात कुर्बान पर्शियन मांजरी पाळायचा, विकायचा. त्याच्या घरी नत्थुजींनी मलिका नावाच्या पांढऱ्याशुभ्र मांजरीचे आधी दात पाहिले, मग पाठीवर भोवरा शोधला आणि फर्मावलं, "जरा चालवून दाखव."

"काका, इले वखराले जुंपता का?"

"चाल पाह्यल्याबिगर मी सोयरीकही करत नाई!"

मग कुर्बाननं कागद काढला. त्यावर मलिकाच्या आज्या-पणज्यांची नावं छापलेली. नत्थुजी गार! त्यांना स्वतःच्या पणज्याचं नाव येत नव्हतं. सौदा तिथंच झाला.

घरी बायकोनं, पार्वताबाईंनी, मांजर उलटीसुलटी करून पाहिली. "मांजर हाय का उशी? अन् नाक कुठं गेलं इचं? दारात चेपलं का?"

"खानदानी नाक हाय ते!"

"माह्या तुरीत उंदरं नाचून राह्यले. पोळ्यापर्यंत इनं एक उंदीर मारला तर राहील. नाई तर जिथून आणली तिथं."

कुर्बान परत न्यायला तयार होता. नत्थुजींचा मात्र जीव टांगणीला. बैलजोडी विकून ट्रॅक्टर आल्यापासून त्यांना अंगावरून हात फिरवायला जनावर उरलं नव्हतं, आणि मलिका हात फिरवला की ट्रॅक्टरसारखीच घुरघुरायची. शिकारीचं नाव नको. दिवसभर कूलरपुढं पसरायची, उंदीर शेपटीवरून गेला तर शेपटी आवरून घ्यायची. नत्थुजी तिला बैलाच्या खराऱ्यानं घासायचे. एवढ्या लांब केसांत एक गाठ पडत नाही, याचं श्रेय त्यांनी खराऱ्यालाच दिलं.

पोळ्याच्या सकाळी कुर्बान टोपली घेऊन हजर. ओट्यावर मलिका, तिच्यापुढं मेलेला उंदीर आणि शेजारी छाती फुगवून नत्थुजी.

"तुले खरं नाई वाटणार, कुर्बान! अशी उडी घेतली इनं, वरून चिखलदरा दिसला असन इले! मी आत जाऊन चहा पेलो, बाहेर आलो, तरी ही खाली यायचीच होती. वर पाहू पाहू उंदराची मान अवघडली, अन् तेवढ्यात झडप!"

"चहा पिऊन आले तुमी?"

"अर्धाच कप. खोटं कावून बोलू?"

मलिकानं उंदीर हुंगला, शिंकली आणि नत्थुजींच्या पाठीमागं लपली.

तेवढ्यात पार्वताबाई पुरणपोळ्यांचं ताट घेऊन बाहेर आल्या. मलिका धावत जाऊन त्यांच्या पायांत घोटाळली. बाईंनी कुर्बानच्या हातची टोपली ओढली. नत्थुजींनी डोळे मिटले.

उघडले तेव्हा टोपलीत पुरणपोळ्या होत्या, मलिका बाईंच्या कडेवर, आणि बाईंच्या कमरेला खोचलेल्या फणीत पांढऱ्या केसांचा हा एवढा पुंजका!

"पोरासोरायले दे नेऊन, कुर्बानभाऊ. टोपली भरली आता," बाई म्हणाल्या आणि नवऱ्याकडं वळल्या. "अन् तुमी! सणाच्या दिवशी काहून खोटं बोलून राह्यले? उंदीर माह्या चापातला हाय. तोंड पाहा त्याचं, मी लावलेला भज्याचा तुकडा अजून तसाच हाय!"