लढाई संपली का

नालाची एक बाजू पार झिजलेली... हा घोडा लंगडत असणार, असं वाटून संयोगिताबाईंचं बोट त्या कडेवरून फिरत राहिलं. मळ्यात खणताना सापडलेला नाल. समोर कागद. पुतण्या अमरसिंह बंगला पर्यटकांसाठी उघडणार होता. दारातल्या फलकावर युद्धाच्या दिवसांविषयी आत्यासाहेबांनीच लिहावं, असा त्याचा आग्रह. त्यांनी लिहिलं होतं: 'दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या आजारी घोड्यांसाठी आजोबांनी ही जमीन दिली.'

दिली... पण तिच्यावर बारा घरं होती. लढाई संपली की परत या, असं सांगून आजोबांनी ती ओढ्यापलीकडे हलवली. लढाई संपली, घोडे गेले, घरांच्या जागी ऊस उभा राहिला — आणि हलवलेल्यांपैकी केरबा दर पाडव्याला फाटकाशी येऊन अदबीनं विचारायचा, लढाई संपली का, सरकार? किती वर्षं! संयोगिताबाईंना आठवलं: मी सात वर्षांची असताना आजोबा वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाले, जा, सांग त्याला, अजून नाही. मी पळत जाऊन सांगितलं. पण पुढच्या पाडव्याला आजोबा घरात नव्हते, मला कुणी पाठवलं नव्हतं. केरबानं तोंड उघडायच्या आत मीच ओरडले — अजून नाही! — आणि हसले. त्याचं बोट धरून उभी असलेली त्याची लेक बया माझ्याकडे बघत राहिली. तो पुन्हा आला नाही.

तीच बयाबाई आता इथं पाहुण्यांसाठी भाकऱ्या थापते. ती चहा घेऊन आली तेव्हा संयोगिताबाईंनी नवं वाक्य लिहून तिला वाचून दाखवलं: 'इथे बारा घरं होती.'

"तेरा," बयाबाई म्हणाली. "आमचं जरा कडंला हुतं."

त्यांनी आकडा खोडला. त्या दिवसाचं बोलायला त्या शब्द जुळवत होत्या, तोवर तीच म्हणाली, "बा कधी तुमास्नी बोल लावला न्हाई. म्हणायचा, पोर हाय, घरात सांगिटलं तेच बोलली." मग थाळीतला कप पुढं ठेवून, "सांगिटलंच हुतं न्हवं, दोन्ही बारीला?"

अर्धं तर खरंच होतं.

"हो," संयोगिताबाई म्हणाल्या.

बयाबाईचा चेहरा सैल झाला. रिकामी थाळी घेऊन ती आत गेली. तिच्या चपलांचा आवाज ऐकत त्या बसून राहिल्या... इतकी वर्षं सगळं आठ वर्षांच्या त्या मुलीवर ढकलून निभावलं होतं. आताचं 'हो' मात्र तिचं नव्हतं; तिला पुढं करता येईना.