शेवटचं वाक्य

चाळीस वर्षांत लेस्ली ऑर्म्स्बीने बिशप केला, खुनी केला, फौजदार केला, एकदा तर मिशी उतरवून कुणाची तरी मावशीही केली. सिनेमात त्याला त्याची सख्खी बहीणही ओळखत नसे. एक गोष्ट मात्र त्याने कधी केली नव्हती. नाटकाचं शेवटचं वाक्य पहिल्या प्रयोगाआधी उच्चारायचं नाही, हा नाटकवाल्यांचा दंडक तो घरीसुद्धा पाळायचा. संहिता धरून बसलेली बायको, ड्युल्सी, शेवटच्या पानावर आली की तो गप्प. ते वाक्य ती पहिल्या प्रयोगाला, तिसऱ्या रांगेत बसून ऐकायची.

या खेपेला ती येणार नव्हती. आजारपणामुळे डॉक्टरांनी तिचा जिना बंद केला होता. पुढच्या नाटकापर्यंत ती असेल का, हे दोघांनीही एकमेकांना विचारलं नव्हतं.

प्रयोगाच्या आदल्या दुपारी तिच्या हातात चहा देऊन तो म्हणाला, "ऐक. खलाशी वीस वर्षांनी घरी परततो, दारात उभा राहतो आणि..."

"गप रे! नाटक पडेल."

"पडू दे. 'मी आलोय.'"

तिने नाक मुरडलं. "हा तुझा बिशप."

त्याने पुन्हा म्हटलं.

"हा फौजदार. बायको मागच्या दाराने पळेल बिचारी. लेस्ली, तुझा स्वतःचा आवाज ठेवलायस कुठे?"

खरं सांगायचं तर तो घाबरला.

"ते राहू दे, आधी अपशकुन उतरव. बाहेर जा, तीन गिरक्या घे आणि मला विचारून आत ये. रस्त्यावर हं, जिन्यात चालढकल नको!"

साठी उलटलेला माणूस सपाता घालून लीड्सच्या थंडीत रस्त्यावर गिरक्या घेऊ लागला. शेजारच्या मिसेस गारसाइड कुत्र्याला घेऊन चालल्या होत्या.

"तालीम वाटतं?" त्यांनी विचारलं.

तेवढ्यात वाऱ्याने दार धाडकन लागलं.

"ड्युल्सी!" तो वर बघून ओरडला. "अगं, मी आहे! किल्ली आतच राहिली! पाय गोठले माझे!"

पलंगाशेजारची खिडकी वर सरकली. हसून हसून तिला खोकला लागला होता. उशाखालची जादा किल्ली तिने मोज्यात घालून खाली टाकली.

"हाच!" ती म्हणाली. "याच्याशी लग्न केलं मी. उद्या ह्याला घेऊन जा."

प्रयोगात लेस्लीचा खलाशी दारात उभा राहिला. त्याने तिसऱ्या रांगेकडे पाहायचं टाळलं आणि गारठलेल्या माणसाने म्हणावं तसं ते वाक्य साधंच म्हणून टाकलं. टाळ्यांना जरा उशीर झाला, पण मग त्या थांबेनात.

घरी आल्यावर त्याने जिन्याखालूनच हाक मारली, "मी आलोय."

"तिथे असंच म्हणालास?" वरून आवाज आला.

"असंच."

"मग ऐकलं मी."