शेगडीपासून तोरापर्यंत

२२ नोव्हेंबर १९९३, सकाळी आठ वाजता, बिश्केक शहरातील बुटांच्या एका बंद कारखान्यात अकरा विद्यार्थी माझ्याभोवती जमले. मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी शेगडी आहे. जाड नळाचा तुकडा कापून, त्याला झाकण व पाय जोडून मला घडवले. मेदेत आगाय, म्हणजे मेदेत सर, यांनी कारखान्याचे एक दालन भाड्याने घेऊन खासगी विद्यापीठ सुरू केले. तेव्हा शिक्षक तीन, फळा एक आणि ऊब देणारी मी एकटी.

धुराड्यासाठी भिंतीत भोक होते ते दाराशेजारी, म्हणून मला तिथेच बसवले. दारापासून सर्वांत लांबची जागा म्हणजे तोर. ती वडीलधाऱ्यांच्या मानाची. तिथे गणिताच्या वृद्ध शिक्षिका बुरुल एजे, म्हणजे बुरुलताई, बसत आणि मुले दाराशी, माझ्या कुशीत.

डिसेंबरात एजेंना खोकला लागला. किम्बात नावाची विद्यार्थिनी म्हणाली, "एजे, इकडे या ना, शेगडीपाशी."

"शुद्धीवर आहेस ना?" तिचा वर्गमित्र उलान तिच्यावर खेकसला. "एजेंना दाराशी बसवतेस? माझ्या आईला कळलं तर ती मला अंगणात बसवेल!"

एजे हसल्या. "भांडू नका रे. मी उठले तर तुम्हालाच लाज वाटेल. समीकरण सोडवा, अंग आपोआप तापेल."

"धुराडं लांबवून शेगडीच तिकडे नेऊ," आगाय म्हणाले. "पुढच्या महिन्यात नक्की."

मुले कोळसा भरभरून घालत. मी लालबुंद होई. पण माझी धग तोरापर्यंत पोहोचतच नसे. पलीकडून खोकला ऐकू येई आणि मी तरण्याताठ्या गुडघ्यांनाच शेकत राही. जानेवारीत एजेंना न्यूमोनिया झाला. धुराड्याची नळी फेब्रुवारीत आली. तोवर तोर रिकामा झाला होता.

विद्यापीठ मात्र वाढले. आधी कारखाना विकत घेतला, मग शेजारचे गोदाम, मग सहा मजली इमारत उभी राहिली. खोल्या उबदार ठेवणारे गरम पाण्याचे नळ आले आणि मी तळघरात गंजत पडले. ते मला योग्यच वाटे. परंतु गेल्या वर्षी मला घासूनपुसून प्रवेशदालनात मांडले. पाटीवर लिहिले आहे, 'हिने पहिल्या वर्गाला ऊब दिली.' मुले शेजारी उभी राहून छायाचित्रे काढतात, तेव्हा माझे लोखंड आतून गार पडते.

मित्रांनो, ज्या जागी तुम्ही वडीलधाऱ्यांना मानाने बसवता, तिथे एकदा स्वतः बसून पाहा. ऊब तिथवर पोहोचते का, ते आधी तपासा.

आज येथे चार हजार दोनशे विद्यार्थी शिकतात. बुरुल एजे त्या पहिल्याच हिवाळ्यात, वयाच्या एकसष्टाव्या वर्षीच गेल्या.