वाकड्या स्कूटरचे चार साक्षीदार

राजूरच्या चौकात रविवारी घनश्याम सरांनी भाषण ठोकलं. सर बुद्धिवादी. त्यांच्या मंडळात तीन माणसं, त्यातला एक साउंडवाला. मुद्दा असा की येशूची कबर रिकामी सापडली, हे बायबलात चौघांनी चार तऱ्हेनं लिहिलं. एक म्हणते अंधार होता, दुसरा म्हणते सूर्य निघाला होता. कोणाले एक देवदूत दिसला, कोणाले दोन. साक्ष जुळत नाही, म्हणजे गोष्ट घडलीच नाही. समोरच्या चर्चातला रोशन मास्तर उत्तर द्यायले उठला, तर लाईट गेली.

बुधवारी सकाळी सर दूध घेत होते अन् पूनमसिंगच्या कोळशाच्या ट्रकनं मागं येता येता त्यांची नवी स्कूटर चेपली. पोरीसाठी घेतलेली. दिपालीले सोमवारपासून वणीले नोकरीवर जायचं होतं.

पाहणारे चौघं निघाले. बेबीताई म्हणे अंधार होता. कपिल म्हणे उजाडलं होतं. एकाले ट्रकवर एक क्लीनर दिसला, एकाले दोन.

पूनमसिंगनं मिशीवर हात फिरवला. "सर, साक्ष जुळत नाई. म्हंजे टक्कर झालीच नाई. रविवारी तुमीच सांगतलं, मले तवाच पटलं."

चौक हसला. सरांनी इकडंतिकडं पाहिलं अन् पडेल आवाजात म्हणाले, "रोशनभाऊ, तुमी त्या दिवशी काई बोलनार होते ना?"

रोशन पुढं आला. "चौघं एकसारखं बोलले असते तं मी म्हनलो असतो, घरून पाठ करून आले. कोनी उठल्याबरोबर पाह्यलं, त्याले अंधार वाटला; कोनी चहा पिऊन, त्याले उजेड. अन् जिथं दोन क्लीनर असतात, तिथं एक असतेच. पन स्कूटर आधी सरळ होती अन् मंग वाकडी झाली, यात चौघंही एक हायेत."

पूनमसिंग म्हणे, आपल्या ट्रकवर क्लीनर एकच असते. तेवढ्यात वरच्या ताडपत्रीतून झोपेतलं एक काळं तोंड निघालं. "नाई मालक, आमी दोघं होतो."

स्कूटर पूनमसिंगच्याच खर्चानं गॅरेजात गेली.

वापस येताना सरांनी खुलासा केला, हे लॉजिक त्यांनी स्कूटरपुरतंच मानलं. "स्कूटर वाकते. मेलेला मानूस उठत नाई."

"उठत नाई, हे बायबलातल्या त्या चौघांलेही माहीत होतं," रोशन म्हणाला. "येशूचाच चेला थोमा तं म्हने, त्याच्या जखमेत बोट घातल्याबिगर मानत नाई. तरी त्याले कोनी हाकललं नाई. तुमीबी या रविवारी चर्चात."

"येईन. पन वाद घालाले."

"मंग चहा जास्त ठेवा लागीन," रोशन म्हणाला.