अर्ध्या बाहीत अडकलेली सुई

मी एक जुनी विणकामाची सुई आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मी रागावलेली आहे. आपली कहाणी सांगणाऱ्या जुन्या वस्तू बहुतेक गरीब गाय असतात. मोडल्या, झिजल्या, अडगळीत पडल्या, तरी मालकाचे गोडवे गातात. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. मी लाकडाची असले तरी दगडाची नाही.

खुर्च्या करणाऱ्या एका सुताराकडे माझा जन्म झाला. खुर्चीच्या पाठीतून उरलेला लांब तुकडा त्याने उभा चिरला आणि त्यातून आम्ही दोघी निघालो, मी आणि माझी जुळी बहीण. त्याने आम्हाला तासलं, काचकागदाने घासलं, तेल चोळलं आणि टाके घसरू नयेत म्हणून मागच्या टोकाला एकेक बोंड बसवलं. आम्ही चांगल्या जाडजूड होतो, जाड लोकरीसाठीच केलेल्या. विणकाम एका सुईने होत नाही, एवढं नीट लक्षात ठेवा, कारण माझ्या रागाचं मूळ तिथेच आहे. एका सुईवर टाके असतात, दुसरी ते एकेक करून आपल्याकडे घेते. ओळ संपली की पहिली रिकामी आणि दुसरी भरलेली. मग पुन्हा उलटं. एकटी सुई म्हणजे नुसती काडी.

सुताराकडून आम्ही एका विणणाऱ्या बाईकडे आलो, तिला सगळे आत्या म्हणत. आत्याची रस्त्याला लागून एक खोली होती आणि तिथे पाच-सहा बायका दिवसभर विणत बसायच्या. हात चालायचे, तशी तोंडंही चालायची. कुणाची सासू, कुणाची सून, कुणाचा दारू सोडलेला आणि पुन्हा धरलेला नवरा, सगळं आम्ही ऐकलं. शाळेतल्या मुली, रात्रपाळीचे पहारेकरी, दवाखान्यातल्या नर्सबाई, किती जणांच्या अंगावर आमचं काम होतं! आत्या नव्या बाईला आमचीच जोडी द्यायची. म्हणायची, "ही घे. हिच्यावर हात लवकर बसतो." ते ऐकून मला फार बरं वाटायचं.

पुढे आत्याची मनगटं दुखायला लागली. तिने खोली बंद केली आणि सगळ्या सुया एका कापडात बांधून आपल्या भाचीला दिल्या. ही भावाची मुलगी. घरात सगळे तिला धाकटी म्हणत. धाकटी कपड्यांच्या कारखान्यात बटणं लावायची. ते काम तिने नुकतंच सोडलं होतं. स्वतःचं काहीतरी करायचं होतं तिला. हात सोन्याचे होते, आत्याकडेच शिकलेली होती. आणि आता एकदम इतक्या जोड्या हातात आल्या. तिथेच घोळ झाला.

पहिल्याच आठवड्यात तिने आम्हा दोघींवर करड्या लोकरीचे टाके घातले. तिच्या बाबांसाठी स्वेटर करायचा होता. पुढच्या भागावर नक्षी कोणती घ्यायची ते ठरेना, म्हणून बाईसाहेबांनी बाहीपासून सुरुवात केली! बाही कोपरापर्यंत आली आणि तिला मोबाईलवर पानाफुलांची शाल दिसली. झालं. ओळ संपली होती, सगळे टाके माझ्या अंगावर होते. बहीण रिकामी होती. धाकटीने तिला उचललं, शालीसाठी लावून पाहिलं, जाड वाटली म्हणून बाजूला ठेवलं आणि शालीला दुसरी जोडी घेतली. मी अर्ध्या बाहीसकट एका पिशवीत गेले. पिशवी खिळ्याला लटकली.

मग त्या खिळ्याशेजारी दुसरा खिळा आला. मग तिसरा. शाल, पक्ष्यांची नक्षी असलेली टोपी, दोन रंगांचे मोजे, बाळाचं पांघरूण, उशीचा अभ्रा, काय काय! प्रत्येक पिशवीत एक अर्धवट काम आणि एकेक सुई जन्मठेपेवर. जोडीतल्या दुसऱ्या सुयांचं काय झालं ते ऐका. एक तिच्या अंबाड्यात खोचलेली असायची. एक खिडकीच्या तुटलेल्या कडीत. एकीने बाबा पाठ खाजवत. आणि माझी बहीण? माझ्या बहिणीला मिरचीच्या रोपाला आधार म्हणून कुंडीत खुपसलं होतं! चिखलात! आत्याच्या खोलीत जिने हात घडवले ती! मला तळपाय नाही, पण आग मस्तकात गेलीच.

बाबा तिला आरंभशूर म्हणायचे. हसत म्हणायचे, पण ती हसत नसे. सकाळी खुर्चीत बसायची, एक पिशवी काढायची, टाके चाचपायची, ठेवून द्यायची. दुसरी काढायची. मोबाईल उघडायची, शंभर नमुने बघायची. संध्याकाळ व्हायची आणि एक ओळ झालेली नसायची. मला वाटायचं, आळशी आहे मेली. नंतर कळलं, आळशी माणूस इतका दमत नाही.

आता खरी अडचण सांगते. मोठ्या रस्त्यावर कपड्यांचं एक दुकान होतं. तिथल्या बाईंनी धाकटीचं जुनं काम पाहिलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "थंडीच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला माझ्या दुकानाची दर्शनी काच तुमची. एकच वस्तू द्या, पण पूर्ण आणि तुमची स्वतःची. ती चालली तर पुढचं काम तुम्हालाच." धाकटी हवेत तरंगत घरी आली. आणि त्याच कारखान्यात असलेल्या तिच्या मोठ्या भावाने, दादाने, जेवताना सांगितलं, "पहिल्या तारखेपर्यंत बघतो. नाही जमलं तर कारखान्यात परत यायचं. मी साहेबांशी बोललोय, बटणांवरची जागा अजून रिकामी आहे." दादा वाईट नव्हता. त्याला तिचं ते नुसतं बसून राहणं बघवत नव्हतं. पण बटणांचं नाव निघालं आणि धाकटीच्या हातातला घास तसाच राहिला.

आणि एवढं होऊन पोरीने काय करावं? काचेसाठी नवं काहीतरी हवं म्हणून आणखी एक काम सुरू केलं!

ही बातमी आत्याच्या कानावर गेली आणि आत्या दुसऱ्या दिवशी दारात हजर झाली. चपला काढल्या आणि सरळ खिळ्यांसमोर येऊन उभी राहिली. एकेक पिशवी उघडून बघितली. मला बाहेर काढलं, बाही उलटसुलट केली आणि विचारलं, "हिची जोडीदार कुठंय?"

बाबांनी हळूच पाठीमागची सुई लपवली. शेवटी धाकटीने कुंडीकडे बोट दाखवलं.

"एक ना धड भाराभर चिंध्या!" आत्या कडाडली. "सुया विणायला दिल्या होत्या मी तुला, मिरच्यांना टेकू द्यायला नाही!" मी पिशवीतून बाहेर येऊन पहिल्यांदाच कुणाला माझ्या मनातलं बोलताना ऐकत होते. माझ्या जिवाला किती थंड वाटलं म्हणून सांगू!

पण धाकटीही पेटली. "ओरडू नकोस आत्या! तुला काय वाटतं, मला कळत नाही? मला सगळंच करायचंय, म्हणून काहीच होत नाही. एक हातात घेतलं की बाकीची खिळ्यावरून ओरडतात. शाल घेतली की वाटतं टोपी बरी होती. टोपी घेतली की वाटतं, आपण चुकीचंच निवडलं." तिने खिळ्यांकडे हात केला. "मी रोज दिवसभर निवडतेच आहे गं."

आत्या पाट ओढून खाली बसली आणि म्हणाली, "मग गप्प कर त्यांना. उसव."

"काय?"

"सगळी. एकूण एक. आत्ता."

मित्रांनो, विणलेलं उसवणं म्हणजे काय ते विणणाऱ्यालाच कळतं. टाक्यांतून सुई काढायची आणि धागा ओढायचा. महिन्याचं काम चहा गार व्हायच्या आत नाहीसं होतं. धाकटीने आधी रागाने शाल ओढली, आत्याला धडा शिकवायला. टर्र टर्र करत पानं गेली, फुलं गेली. मग टोपी घेतली. पक्षी गेले. मोज्यांपाशी ती रडायला लागली, पण हात थांबला नाही. बाबा समोर बसून दोन्ही हातांवर लोकर गुंडाळून घेत होते. शेवटी माझी पाळी आली. तिने बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "उसव गं. एका बाहीने कुणाची थंडी गेलीय?"

तिने मला ओढलं. इतके दिवस सुटका सुटका करून मीच कंठशोष केला होता, आणि ते टाके अंगावरून सरकले तेव्हा मला भयंकर राग आला. माझे होते ते! मीच सांभाळले होते, एकसुद्धा गळू न देता!

आत्याने घरातल्या सगळ्या सुया गोळा केल्या. अंबाड्यातली, कडीतली, पाठीची, सगळ्या धुऊनपुसून जोड्या लावल्या आणि कापडात बांधल्या. फक्त आम्हा दोघींना टेबलावर ठेवलं. म्हणाली, "माझ्या खोलीत नियम होता. संपलेलं काम दाखवायचं आणि मग दुसरी जोडी न्यायची. तोवर एकच. तुझ्या बाबतीत मी तो मोडला." आणि गाठोडं काखेत मारून गेली.

दुसऱ्या दिवशी धाकटीने फोन केला. "आत्या, ही जोडी फार जाड आहे. बारीक दे ना बदलून."

"संपलेलं घेऊन ये," आत्या म्हणाली आणि फोन ठेवला.

धाकटीने आम्हाला भिंतीवर फेकून मारलं. होय, मारलं! माझ्या बोंडाला टवका गेला, तो अजून आहे. आम्ही जमिनीवर पडून होतो तेवढ्यात दादा आला. लोकरीचे गुंडे पाहिले, रिकाम्या भिंतीवरचे खिळे पाहिले आणि तिच्या भल्यासाठीच म्हणाला, "बरं केलंस, आवरलंस ते. सोमवारपासून ये. बटणं लावताना डोकं चालवावं लागत नाही."

तो गेला. धाकटी लालबुंद झाली होती. तिने आम्हाला जमिनीवरून उचललं. आमच्या जाडीला झेपेल अशी एकच लोकर होती, ती करडी. निवडायला काही उरलंच नव्हतं. ती बसली आणि टाके घालायला लागली. काय तो राग! प्रत्येक टाका दादाच्या नावाने आवळलेला. मला पुढे सरकता येईना, बहिणीचं टोक करकरायला लागलं. पण मित्रांनो, ओळ झाली. मग दुसरी झाली. मी भरले, बहीण रिकामी झाली. बहीण भरली, मी रिकामी झाले. किती काळाने!

वीतभर विणून होता होता तिचा राग ओसरला आणि टाके आपोआप सैल पडायला लागले. तिने काम उलगडून मांडीवर पसरलं. खाली घट्ट, वर सैल. दुसरी कुणी असती तर तिने उसवलं असतं. ती बराच वेळ बघत राहिली. "हे छान दिसतंय," ती स्वतःशीच म्हणाली. मग तिने मुद्दाम पुन्हा आवळून पट्टा घेतला, पुन्हा सैल सोडला. पुढचं तिला ठरवावं लागलं नाही, एका पट्ट्यातून दुसरा सुचत गेला. त्या दिवसांत मोबाईल कुठे पडला होता, देव जाणे. नक्षी कुठली तर तिच्या स्वतःच्या रागाची आणि तो शांत होण्याची.

पहिल्या तारखेला सकाळी तिने गळ्याचे शेवटचे टाके बंद केले. दुकानाच्या बाईंनी स्वेटर काचेमागच्या लाकडी पुतळ्यावर चढवला, पट्ट्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "असलं मी आणखी कुठे पाहिलं नाही." दादा संध्याकाळी काचेसमोर उभा राहिला, बराच वेळ. घरी येऊन म्हणाला, "गळा जरा मोठा झालाय." मग पाणी प्यायला आणि म्हणाला, "साहेबांना सांगतो, दुसरी कुणीतरी बघा."

चार दिवसांनी धाकटी आत्याला घेऊन काचेसमोर गेली. मी आणि बहीण तिच्या पिशवीतच होतो. आत्याने स्वेटर पाहिला, डोळे पुसले आणि तिथेच फुटपाथवर बरोबर आणलेलं कापडाचं गाठोडं सोडलं. "घे. हक्काची आहे. कोणती हवी?"

सगळ्या जोड्या तिथे मांडलेल्या. बारीक, मध्यम, पितळी, लाकडी. धाकटीचा हात पुढे आला. ती एकीवरून दुसरीकडे बघत होती, पुन्हा तेच डोळे, पुन्हा तीच चाळवाचाळव. मग तिने गाठोड्याची चारही टोकं उचलली आणि गाठ मारली.

"ठेव तुझ्याकडेच," ती म्हणाली. "बाबांचा स्वेटर राहिलाय."

तर मित्रांनो, तुमच्याकडेही खिळ्यांवर पिशव्या असतील. अर्धं चित्र, अर्धी गोष्ट, पहिल्या पानावरच थांबलेली वही. मी हात जोडत नाही, मला हात नाहीत आणि विनवण्या करण्याचा माझा स्वभाव नाही. सरळ सांगते. पूर्ण करा, नाहीतर उसवून टाका. दोन्हीत काही लाज नाही. पण अर्धं लटकवून ठेवू नका. त्यात कुणीतरी अडकलेलं असतं, आणि बहुतेक वेळा ते तुम्हीच असता.

आता जा. मला बोलायला वेळ नाही, माझी ओळ चालू आहे.