लल्ला बेयाने उजळलेला साचा

मित्रांनो, स्फाक्स शहरातल्या एका छोट्या कारखान्यात तेलाचे डबे घडवणारा अ‍ॅल्युमिनियमचा म्हातारा साचा, तो मी. माझी गोष्ट मला नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे.

माझे दोन भाग आहेत. त्यांच्यामध्ये तापलेल्या प्लास्टिकची मऊ नळी उतरते, भाग मिटतात आणि नळीत हवा फुंकली जाते. नळी फुगून माझ्या भिंतींना चिकटते. माझे अंग जसे, तशी डब्याची कातडी. मला घडवणाऱ्यांनी वाळूचा फवारा मारून मला आतून मुद्दाम खरखरीत केले होते. त्या बारीक खाचांतून प्लास्टिकमागे अडकलेली हवा निसटून जाई आणि डबे अंगभर एकसारखे निघत. ऑलिव्हच्या घाण्यांवर त्यांचे कौतुक होई.

मग मालक मोन्सेफची आई, लल्ला बेया, कारखान्यात आली. आमच्याकडे बायकांना मानाने लल्ला म्हणतात, पुरुषांना सी. रमजानच्या आधी ती घरातली तांब्याची भांडी आरशासारखी लखलखीत करते. मला पाहून तिचा जीव कळवळला.

"अरे, ज्याच्यावर घर चालतं तोच मेला असा काळवंडलेला?"

तिने घासकागद घेतला आणि मला गुळगुळीत करूनच उठली.

हवेला वाट उरली नाही. ती जागीच कोंडली आणि डब्यांवर खड्डे पडले.

"मोन्सेफ, डब्यांना कांजिण्या आल्यात का रे?" घाणेवाले सी हमादी ओरडले. "उद्या तेल भरायचंय. धड डबे नसतील तर दुसरीकडून घेतो. मग बस कुलूप लावून!"

लल्ला बेयाने घाबरून मला पुन्हा घासले. नको, आई, नको! मी आतून आक्रोश करत होतो. पण साच्याला आवाज कुठला?

पुढचे डबे आणखी वाईट निघाले. मोन्सेफ भडकला. "जाऊ दे भंगारात!" म्हणत त्याने माझा एक भाग आतल्या बाजूवर पालथा पाडून अंगणातल्या वाळूतून फरफटत नेला.

"एकदाच लावून बघ रे, लेका," म्हातारी रडू लागली.

त्याने लावला. डबा निघाला. एक बाजू खड्ड्यांनी भरलेली. फरफटलेल्या बाजूला ओरखडे होते, खड्डा एकही नव्हता.

लल्ला बेयाने दोन्ही बाजूंवरून बोटे फिरवली.

"म्हणजे मीच की रे, माझ्याच हातांनी..."

ओंजळभर वाळू घेऊन ती माझ्यापाशी बसली आणि माझा गुळगुळीत भाग पुन्हा खरखरीत होईपर्यंत घासू लागली. बोटे सोलली तरी थांबली नाही.

मित्रांनो, कुणाला जपायचे असेल, तर त्याचे काम कशावर चालते ते आधी विचारा. आम्हाला सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सी हमादींनी एक डबा उन्हात धरला, फिरवून पाहिला, आणि डबे चढवायला गाडीचे मागचे दार उघडले.